आपण धरून

त्या सोमवारी सरासरी एकवीसनं वाढली आणि मी घाबरले. वाढलेल्या आकड्याला घाबरायचं खरं तर काही कारण नव्हतं. खात्यात सगळे खूश होते. आमचे प्रमुख दशांश साहेब यांनी फळ्यावरचा जुना आकडा स्वतःच्या हातानं पुसला आणि नवा लिहिला: व्यावसायिक आणि कार्यालयीन सेवा, सरासरी साप्ताहिक कमाई, नऊशे एक्याऐंशी पूर्णांक शून्य. त्यांचं पूर्णांकावर कधीच भागत नाही, म्हणून सगळे त्यांना मागे दशांश म्हणतात; त्यांनाही ते माहीत असावं. "ते शून्य हवंच," ते खडूचे हात झटकत म्हणाले, "शून्य नसलं की लोकांना वाटतं, अंदाजे सांगतायत." मग ते सुट्टी मागायला आलेल्या दोघांना हसून सुट्टी देऊन मोकळे झाले. मी माझ्या टेबलाशी बसून फळ्याकडे बघत राहिले. गेल्या महिन्याभरात मला पगार वाढलेला एकही माणूस भेटला नव्हता. समोरच्या इमारतीतल्या सल्लागार कचेरीचा तिसरा मजला तर गेले काही दिवस अंधाराच होता; दिवसाढवळ्या त्या खिडक्यांत फक्त आमच्याच इमारतीचं प्रतिबिंब दिसायचं. मग हे एकवीस आले कुठून?

माझं काम संशय घेण्याचं आहे. कागदावर मी तपासनीस, पण काम तेच. शहरातल्या निवडक कचेऱ्या दर महिन्याला आमच्याकडे एक अर्ज भरून पाठवतात: ठरलेल्या आठवड्यात किती माणसांना पगार दिला, एकूण किती दिला, किती तासांचा दिला. मी ते अर्ज वाचते आणि जिथे आकडा नीट बसत नाही तिथे समासात पेन्सिलनं 'सं.' लिहिते. सं. म्हणजे संशयास्पद. आई म्हणते, "आधी हेच फुकट करायची, आता पगार मिळतो एवढंच." पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मुलगी अर्ज चाळत बसते याचं तिला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं ती नेहमी विनोदातून काढते. मला स्वतःला काम आवडतं. या सदराखाली कोण कोण येतं ते पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा हसूच आलं होतं. वकील, वास्तुरचनाकार, हिशेबतपासनीस, सल्लागार. आणि त्यांच्याच खाली, त्यांच्या कचेऱ्या झाडणारे, दारावर उभे राहणारे, त्यांची पत्रं टंकणारे. सगळे एकाच सरासरीत. या सरासरीइतकी कमाई असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. एक तर त्याच्या कितीतरी वर असतो, नाही तर कितीतरी खाली. सरासरीच्या जागी कुणीच नसतं, एखाद्या रिकाम्या खुर्चीसारखी ती मध्ये असते आणि सगळे तिच्याकडे बोट दाखवतात.

गठ्ठा पुन्हा काढला. दुपारी दोनला सुरुवात केली आणि साडेतीनपर्यंत गोष्ट स्पष्ट झाली. सतरा कचेऱ्या अशा होत्या, जिथे एकूण दिलेला पगार कमी झाला होता, माणसं त्याहून जास्त कमी झाली होती, आणि सरासरी वर गेली होती. कॉलेजात आम्ही बाष्पीभवन शिकलो होतो. द्रवातले सगळ्यांत वेगवान रेणू उडून जातात, उरलेल्यांची सरासरी खाली येते, म्हणून द्रव थंड होतो. इथे उलटं चाललं होतं. सगळ्यांत हळू रेणू उचलून बाहेर टाकले होते आणि उरलेला द्रव आपोआप गरम झाला होता. कुणी उष्णता दिली नव्हती. तापमापी खरं सांगत होती आणि तरीही ते खोटं होतं. मला या शोधाचा आनंद झाला हे कबूल करायला हवं. असा आनंद प्रयोगवहीत शेवटची ओळ लिहिताना व्हायचा. त्याच आनंदात मी चौदावा अर्ज उलटला आणि थांबले. एकसष्ट माणसं होती, आता त्रेचाळीस. सरासरी नऊशे दहा होती, आता एक हजार एकशे पाच. वजाबाकी करून भागलं तर गेलेल्या अठराजणांची सरासरी निघत होती चारशे चव्वेचाळीस. पण मी थांबले ते त्यामुळे नाही. मागच्या महिन्याचा तुलनेचा आकडा याच अर्जावर पुन्हा लिहायचा असतो. तिथल्या नऊशे दहामधल्या नऊच्या शेपटाच्या टोकाला एक टिंब होतं.

ते टिंब मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा कुठलाही अंक लिहून झाला की पेन लगेच उचलत नाहीत. टोक तसंच कागदावर टेकवून तो अंक एकदा मनात वाचतात आणि मगच उचलतात. तेवढ्या वेळात शाई पसरते आणि टिंब उमटतं. माझ्या शाळेच्या वह्यांवरच्या इयत्तेला, दूधवाल्याच्या कार्डावरच्या तारखांना, शिष्यवृत्तीच्या अर्जावरच्या आमच्या उत्पन्नाला, सगळ्याला ती टिंबं होती. लहानपणी मला वाटायचं, अंक असाच लिहितात, शाळेत मी टिंब देऊन अंक काढले आणि बाईंनी विचारलं, "हे पूर्णविराम कशाला?" बाबा एका कायदेशीर सल्लागारांच्या कचेरीत मुख्य लिपिक आहेत. मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघणं हे त्यांचं मूळ काम. सव्वीस वर्षं ते हेच करत आले. माणसांचे नाव-पत्ते आमच्या अर्जांवर नसतात. कचेरीला एक चार आकडी क्रमांक असतो, फोन नंबर असतो, आणि 'संबंधित व्यक्ती' या रकान्यात फक्त हुद्दा. तिथे लिहिलं होतं, मुख्य लिपिक. बाबांच्या कचेरीचे अर्ज आमच्याकडे येतात हे मला माहीत नव्हतं. ते कोण भरतं हेही नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण तिथेही सांगायचं नसतं.

नियम सरळ आहे. अर्ज नातेवाइकाच्या कचेरीचा निघाला तर तो दुसऱ्या तपासनिसाकडे सोपवायचा. माझ्या शेजारच्या टेबलावर वहिनी बसतात. त्या कुणाच्या वहिनी आहेत कुणाला ठाऊक नाही, पण पंधरा वर्षं सगळ्यांच्याच आहेत. अर्ज त्यांच्या टेबलावर सरकवायला मला हात लांब करायचीही गरज नव्हती. "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बसलीयस?" वहिनींनी विचारलं. "काही नाही. अठरा माणसं गेलीत एका ठिकाणची." "अठराच ना? माझ्याकडे एकाने चाळीस घालवलीत, आणि शेरा काय लिहिलाय तर 'सुधारणा'." त्या हसल्या. मी अर्ज गठ्ठ्यात परत ठेवला, माझ्याच. का ठेवला ते तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, एका टिंबावरून नातं सिद्ध होत नाही.

पण घरी जाताना डोक्यात वेगळाच प्रश्न होता. यादी कुणी केली? अठरा नावं कुणीतरी लिहिली असणार. मुख्य लिपिकाला पट ठाऊक असतो, कोण किती वर्षांचा, कोण किती पगाराचा. त्या कचेरीत टंकनाच्या काकू होत्या. माझा पदवीचा प्रकल्प त्यांनी दोन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून टंकून दिला होता आणि पैसे विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "तुझ्या समीकरणांतलं एक अक्षर कळलं नाही, त्याचे कसले पैसे?" त्यांची कमाई चारशे चव्वेचाळीसच्या आसपासच असणार. बाबांनी त्यांचं नाव लिहिलं असेल का, आणि लिहून झाल्यावर पेन तसंच टेकवून एकदा वाचलं असेल का? जिना चढताना हा विचार मनात आला आणि मला स्वतःचीच चीड आली. तरी तो गेला नाही. बाबा आत शिरले तेव्हा मी त्यांच्या बुटांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नंतर.

आईनं बातमी आधीच वाचली होती. ती पेपर आर्थिक पानापासून वाचायला लागते, का ते कुणाला कळत नाही. "अहो, ऐकलं का? तुमच्या लोकांचे पगार वाढलेत म्हणे. आठवड्याला एकवीस." बाबा हात पुसत होते. "माझे लोक कोण?" "कार्यालयीन सेवा. तुम्ही सेवा करता ना कार्यालयाची? मग तुमचे एकवीस कुठायत?" "ती सरासरी आहे." "मग सरासरीनं पडदे तरी घेऊ या. खिडकीला सरासरी पडदा चालेल." मी हसले. बाबाही हसले, पण हसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तो क्षण जरा लांबला. "हे आकडे तुमच्याकडेच निघतात ना?" "हो." "ते अर्ज वाचतं कोण?" "मशीन वाचतं," मी म्हटलं. का म्हटलं? "मशीनला अक्षर लागतं का?" "अक्षराचं काही नसतं. अंक वाचतं." बाबांनी मान हलवली आणि ताटातला घास अर्धा करून पुन्हा एक केला. मला वाटलं, ओळखलं यांनी. मग वाटलं, नाही, ते नुसतेच दमलेत. मग वाटलं, ते दमलेत असं मला वाटावं म्हणून ते दमल्यासारखे बसलेत. संशयाचं हेच असतं. त्याला मोजपट्टी नसते, एकदा लावला की प्रत्येक गोष्ट त्यात बरोबर मावते. मी विचारू शकत नव्हते. रुजू झाले त्या दिवशी सही करून दिली होती, कुठल्याही अर्जातला कुठलाही आकडा बाहेर सांगणार नाही, अगदी घरातही नाही. बाबा त्या दिवशी अभिमानानं म्हणाले होते, "नोकरी म्हणजे तोंड बंद ठेवता येणं."

पुढचा महिना मी बाबांवर नजर ठेवली. याला दुसरा शब्द नाही. ते रोज आठ वाजून दहा मिनिटांनी निघत होते, साडेसहाला परत येत होते, डबा रिकामा असायचा, शर्टाच्या उजव्या बाहीला तोच शाईचा डाग. मी एकदा चार दिवसांच्या धुवायच्या कपड्यांचा ढीग उचकून बघितला; काय सापडेल असं वाटलं होतं ते मलाच सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र बदलली होती. बाबा पानांबद्दल बोलायला लागले होते. "आज अडतीस पानं झाली." "आज एकतीसच, मध्ये दिवे गेले." याआधी कधी त्यांनी काम पानांत मोजलं नव्हतं, ते म्हणायचे, अमुक दस्त झाला, तमुक करार झाला. आईनंही ते टिपलं. "हल्ली हे पुस्तकातल्या किड्यासारखे बोलतात," ती म्हणाली, "पानंच पानं." बाबा म्हणाले, "किड्याला निदान पान खायला तरी मिळतं." मी ते वाक्य पाठ केलं आणि कुठे ठेवायचं ते कळलं नाही. त्या महिन्यात मी वहिनींना सहज विचारलं, बाहेर गेलेली माणसं पुढच्या महिन्याच्या अर्जात कुठे दिसतात? "कुठे दिसतील?" त्या म्हणाल्या, "आपण फक्त पटावरचे मोजतो. पटावरून उतरला की तो आपल्यासाठी उतरला."

नवा अर्ज एका बुधवारी आला. मी त्याची वाट बघत होते आणि गठ्ठ्यात तो खाली असूनही हाताला आधी लागला. पहिल्या ओळीत छापलेला प्रश्न असतो: 'आपण धरून एकूण कर्मचारी'. या ओळीवरून खात्यात जुना वाद आहे. दशांश साहेब म्हणतात, अर्ज भरणारा स्वतःला मोजायला विसरतो म्हणून ती घातली. मला पहिल्यांदा ती वाचताना विचित्र वाटलं होतं. आमच्या घरात आईला तू, बाबांना तुम्ही, आणि आपण म्हणजे सगळे मिळून. आपण जेवू या, आपण निघू या. खात्यात मात्र आपण म्हणजे समोरचा अनोळखी माणूस. तर त्या ओळीपुढे टिंब असलेले त्रेचाळीस लिहिले होते, आणि ते एका रेघेनं कापून वर बेचाळीस. शेजारी छोटी सही. सरासरी एक हजार एकशे एकोणीस. 'संबंधित व्यक्ती' या रकान्यात हुद्द्याच्या जागी आडवी रेघ. बाबा खाडाखोड करत नाहीत. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाची खाडाखोड मी घरातही पाहिलेली नाही. मी पेन्सिल उचलली. वजाबाकी करायची गरज नव्हती, तरी केली. त्रेचाळीस गुणिले एक हजार एकशे पाच. बेचाळीस गुणिले एक हजार एकशे एकोणीस. दोन्हींमधला फरक पाचशे सतरा.

एका माणसाचा पगार असा दोन सरासऱ्यांच्या मधून सरळ बाहेर पडतो, म्हणून तर आमच्याकडून गुप्ततेची ती सही घेतात. पाचशे सतरा. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या अर्जावर बाबांनी तोच आकडा लिहिला होता आणि गेली तीन वर्षं तो बदलला नव्हता. त्यांनी आधी सवयीनं स्वतःला धरलं होतं. मग पेन टेकवून वाचलं होतं. मग आठवलं होतं, आपण आता पटावर नाही. समासात 'सं.' मी केव्हा लिहिलं ते मला आठवत नाही. हात लिहून मोकळा झाला होता. आता दोनच गोष्टी होत्या. खाडाखोड असेल तर फोन करून पडताळायचं, हा नियम; नाही तर अर्ज संशयास्पद म्हणून बाजूला काढायचा. बाजूला काढला की वरून चौकशी जाते, आणि चौकशी त्या कचेरीत जाऊन विचारते, हा कोण भरतो, आणि पटावर नसलेला माणूस अर्ज कसा भरतो? आणि वहिनींकडे सरकवला तर वहिनी फोन करतील, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात. बाबा त्यांना उत्तर देतील. मी शेजारी बसून ऐकेन. मी फोन जवळ ओढला.

तीन घंट्या झाल्या. "नमस्कार, बोला," बाबा म्हणाले. कचेरीतला त्यांचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. तो घरच्यापेक्षा तरुण होता. "नमस्कार. वेतन पाहणी विभागातून बोलतेय. आपल्या या महिन्याच्या अर्जाबद्दल एक-दोन गोष्टी पडताळायच्या होत्या." पलीकडे कागद हलल्याचा आवाज थांबला. "हं," बाबा म्हणाले, "आधी एक बाई असायच्या. आपला आवाज नवीन दिसतोय." "हो. नवीन आहे." "बरं. विचारा." "पहिल्या ओळीत दुरुस्ती आहे. आपण धरून एकूण कर्मचारी किती?" "मी धरून की मी सोडून?" "अर्जात आपण धरून असं आहे." "तेच वाचून चूक झाली," बाबा म्हणाले. "सव्वीस वर्षांची सवय हो. एक व्यक्ती आता पटावर नाही, पानांवर आहे. जेवढी पानं तेवढे पैसे. खुर्ची तीच, काम तेच. आपल्या नियमात पानांवरचे धरतात का?" मला नियम पाठ होता. तो मी शाळेतल्या कवितेसारखा म्हटला: "फक्त पटावरील कर्मचारी धरावेत." "मग सोडून. बेचाळीस बरोबर आहे." "मागच्या महिन्यात एकसष्टचे त्रेचाळीस झाले होते." हा प्रश्न यादीत नव्हता. बाबाही हे ओळखून असावेत, कारण ते जरा हळू बोलले. "ती नावं वरून आली होती. इथल्या कुणाला विचारलं नाही. शेवटचं नाव मागाहून वाढवलं, ते ज्यानं 'का' विचारलं त्याचं." वहिनी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. मी पेन्सिलनं कागदावर काहीतरी लिहितेय असं दाखवलं. "शेरा काही?" मी विचारलं. "शेरा नाही." मग ते म्हणाले, "एक विचारू का? तुमच्यात ही माहिती घरी कुणाला सांगायची पद्धत नसते ना?"

त्यांनी तुमच्यात म्हटलं, आपल्यात नाही. "नसते," मी म्हटलं. "सही दिलेली असते." "चांगली पद्धत आहे. पाळा." आणि एका श्वासानंतर, त्याच तरुण आवाजात, "जेवलात का आपण?" मी हो म्हटलं. डबा माझ्या पायाशी बंदच होता. फोन ठेवल्यावर मी खोडरबर घेऊन समासातलं 'सं.' पुसलं. पेन्सिल जोरात टेकली असावी. कागद तिरका धरला की अक्षर न दिसता त्याची खाच दिसत होती. दशांश साहेब मागून गेले. "पडताळलं?" "हो सर." "सरासरी?" "वाढलीय. एक पूर्णांक तीन दशांश टक्के." "वा," ते म्हणाले आणि खडू शोधायला लागले. पडताळणीच्या चिठ्ठीवर तारीख घालायची असते, आकडा लिहायचा असतो आणि शेवटी माहिती कुणी दिली ते. मी बेचाळीस लिहिले आणि पेन उचलायच्या आधी एकदा वाचले. मग शेवटच्या ओळीत सगळे जे लिहितात तेच मी लिहिलं: संबंधित व्यक्ती.